टायरच्या दुकानातली फरशी आणि कारागिराची तब्येत

दिवाळी झाली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावू लागल्या, की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या टायरवाल्यांना जेवायलाही सवड मिळत नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूर, येडशी, येरमाळा आणि सोलापूर-हैदराबाद मार्गावर नळदुर्ग, उमरगा अशा गावांच्या कडेला ही दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. अशाच एका हंगामात माझ्या दवाखान्यात एकाच आठवड्यात दोन रुग्ण आले.

पहिले होते पन्नाशीचे एक मिस्त्री. ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधताना टाकीतले पाणी सांडले, जमिनीवर आधीच ग्रीस पडलेले होते. पाय घसरला, हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर, म्हणजे हंगाम हातचा गेला.

दुसरा होता विशीतला एक पोरगा, वेगळ्याच दुकानातला. दोन्ही पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटलेले, बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे बारीक फोड, कोपरापर्यंत लाल चट्टे आणि असह्य खाज.

“काही चावलं नाही डॉक्टरसाहेब, काही वावगं खाल्लंही नाही,” तो म्हणाला. “तीन दिवसांमागं दुकानात चकचकीत फरशी केली, ती मीच पसरली. इपॉक्सी म्हणतात बघा तिला.”

“हाताला लागली असेल?”

“लागली की. थिनरनं धुऊन काढली.”

एकाला खराब जमिनीने पाडले आणि दुसऱ्याला चांगली जमीन करण्याच्या चुकीच्या पद्धतीने. म्हणून वाचकहो, या आठवड्यात रक्तदाब-मधुमेह बाजूला ठेवून आपण फरशीबद्दल बोलू. आरोग्याच्या सदरात फरशी कशाला, असे कोणी विचारील. पण जो माणूस दिवसाचे दहा-बारा तास उकिडवा बसून काम करतो, त्याच्या तब्येतीचा निम्मा हिशेब त्याच्या पायाखालीच असतो.

जमीन माणसाला काय करते?

टायरच्या दुकानात जमिनीवर काय पडत नाही? डिझेल, ऑइल, ग्रीस, ट्यूब तपासण्याचे पाणी, रबर घासल्याचा भुगा, टायरमधून काढलेले खिळे आणि तारांचे तुकडे. जमीन मातीची किंवा उखडलेल्या कोब्याची असेल, तर हे सारे भेगांमध्ये जाऊन बसते. झाडूने निघत नाही, पाण्याने धुता येत नाही.

याचे परिणाम आम्ही रोज पाहतो. घसरून मोडलेली हाडे, तळपायात घुसलेले खिळे, वाऱ्याने उडणाऱ्या सिमेंटच्या धुळीने होणारा खोकला. खिळा लागल्यावर धनुर्वाताची भीती असते, कारण त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील आणि जखम मळकट किंवा खोल असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम नसली तरी दर दहा वर्षांनी हे इंजेक्शन घ्यावे.

सर्वांत मोठा धोका जॅकचा. जमीन भुसभुशीत असेल तर भरलेल्या ट्रकखालचा जॅक एका बाजूला कलतो. खाली हात किंवा पाय असेल, तर पुढचे सांगायला नको.

१९४८ सालच्या कारखाने अधिनियमात जमीन भक्कम असावी आणि तिच्यावर पाय घसरेल असे काही पडलेले नसावे, असा स्पष्ट नियम होता. पण रस्त्याकडेच्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला तो कायदा लागू होत नव्हता. अशा दुकानात काळजी मालकानेच घ्यायची असते.

इपॉक्सी म्हणजे काय?

अराल्डाइट सर्वांच्या घरी येऊन गेलेले असते. दोन नळ्या, एकीत राळ, म्हणजे रेझिन, आणि दुसरीत हार्डनर. दोन्ही वेगवेगळ्या असतील तोवर पातळ-चिकट राहतात, एकत्र केल्या की काही तासांत दगडासारख्या होतात. ही इपॉक्सीच. फरशीसाठी तीच डब्यांमधून येते. तिच्यात रंग आणि बारीक वाळू घालून सिमेंटच्या जमिनीवर थर देतात.

साधा ऑइल पेंट टायरच्या दुकानात टिकत नाही. लांबून आलेल्या गाडीचा गरम टायर उभा राहिला की रंग त्याला चिकटून पापुद्र्यासारखा निघतो. नीट बसलेली इपॉक्सी सिमेंटला घट्ट धरून राहते, तेल आत मुरू देत नाही आणि साबणाच्या पाण्याने धुता येते. टायरमधल्या तेलकट द्रव्यांचे काळे डाग तिच्यावरही पडतात, पण डागाने माणूस आजारी पडत नाही. मात्र मिस्त्री ‘कोट’ मारतो म्हणजे काय, हे विचारून घ्या. रोलरने दिलेला कागदासारखा पातळ थर ट्रकच्या दुकानात फार काळ राहत नाही. तिथे दोन-तीन मिलिमीटरचा, वाळू मिसळलेला थर लागतो.

आणि हा थर काही जादू करत नाही. खालची जमीन जशी, तशी वरची फरशी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर तो तडकतो आणि त्याबरोबर इपॉक्सीही तडकते. काळी माती काढून मुरूम भरून चोपणे, त्यावर दगडाचे सोलिंग आणि मग चांगल्या जाडीचे काँक्रीट, हा क्रम चुकवू नये. शहाबादी फरशीवर इपॉक्सी देण्याचा मोह होतो. पण फरशीचे सांधे हलतात आणि थर तिथूनच उचकटतो.

त्या पोराला काय झाले होते?

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. पूर्ण वाळलेली इपॉक्सी अंगाला त्रास देत नाही. त्रास देते ती ओली. तिची राळ कातडीला लागली की काही माणसांच्या शरीरात तिच्याविरुद्ध ॲलर्जी तयार होते. हार्डनर तर कातडी भाजणारा असतो आणि त्याची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते.

या ॲलर्जीची दोन लक्षणे फसवी आहेत. एक, पहिल्या कामात बहुधा काहीच होत नाही. माणूस म्हणतो, मला सोसते. शरीर मात्र आतल्या आत ती ओळख धरून ठेवते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उसळते. दोन, पुरळ लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते. त्यामुळे दोष जेवणाला, साबणाला किंवा ढेकणाला दिला जातो. पापण्यांची कातडी सर्वांत नाजूक, म्हणून वाफेने किंवा माखलेल्या बोटांनी त्या आधी सुजतात.

त्या पोराने दुसरी चूक केली ती थिनरची. थिनर कातडीवरचे नैसर्गिक तेल काढून टाकतो आणि राळेला आत शिरायला वाट करून देतो.

औषधांनी तो दोन आठवड्यांत बरा झाला. पण त्याला एक गोष्ट सांगताना मला जड गेले. फरशीचे काम करणाऱ्या कंत्राटदाराबरोबर पुण्याला जायचे त्याने ठरवले होते. टायरच्या दुकानापेक्षा रोज जास्त मिळणार होता. मी म्हटले, “बाबा, ही ॲलर्जी एकदा लागली की बहुधा जन्माची असते. वाळलेल्या फरशीवर खुशाल काम कर, पण ओल्या इपॉक्सीला पुन्हा हात लावू नकोस. घरातल्या अराल्डाइटलासुद्धा.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “एक हातमोज्याची जोडी असती तर?” मी म्हणालो, “तर कदाचित तू आज इथे आला नसतास.”

काम करताना काय पाळावे?

१. नवे काँक्रीट किमान २८ दिवस मुरू द्यावे. नंतर दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. उचलल्यावर खाली ओल किंवा काळसर डाग दिसला तर थांबावे. ओलीवर दिलेला थर फुगे धरतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

२. भर उन्हाळाही टाळावा. उष्णतेने मिश्रण भराभर घट्ट होते, डबा हाताला चटका देईल इतका तापतो आणि वाफ जास्त निघते. दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस बरे. एका वेळी थोडेच मिसळावे.

३. जमीन घासण्याचे यंत्र चालवताना उडणारी धूळ साधी समजू नये. तिच्यात सिलिका असते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली तर फुप्फुसे दगडावतात, आणि त्यावर इलाज नाही. पाणी मारून घासावे किंवा धूळ ओढणारे यंत्र जोडावे. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ जातीचा मास्क लावावा.

४. जमीन धुण्यासाठी ॲसिड वापरणार असाल, तर त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीव घेऊ शकतो. ॲसिड पाण्यात घालावे, ॲसिडात पाणी घालू नये.

५. राळ आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत. ‘हार्डनर जास्त घातला की लवकर वाळते’ ही समजूत चुकीची आहे. प्रमाण बिघडले की फरशी चिकट राहते आणि त्रास देणारी द्रव्ये महिनोन्‌महिने वर राहतात.

६. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट आणि चष्मा हवा. सुती हातमोजे राळ शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा नसलेले बरे. फाटलेला मोजा लगेच टाकून द्यावा.

७. शटर पूर्ण उघडे ठेवावे, पंखा हवा बाहेर फेकेल असा लावावा. जवळ बिडी, सिगारेट, स्टोव्ह नको, कारण थिनर पेट घेतो.

८. कातडीला लागले तर तत्काळ साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यात उडाले तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि नंतर दवाखान्यात यावे. पुरळ उठले तर मेडिकलमधून मनाने मलम आणून चोळू नये.

ज्याला दमा आहे त्याने त्या आठवड्यात दुकानात येऊच नये. वरून पॉलियुरेथेनचा थर देणार असाल तर विशेषच, कारण त्यातल्या द्रव्याने दमा नसलेल्यालाही दमा लागू शकतो.

फरशी झाल्यावर

साधारण एका दिवसाने तिच्यावर चालता येते, पण गाडी सात दिवसांनंतरच आणावी. धंदा बुडतो म्हणून तिसऱ्या दिवशी ट्रक चढवला की पैसे वाया जातात. महामार्गावर पाटी असते ना, अति घाई संकटात नेई, तसेच हे.

गुळगुळीत चकाकणारी फरशी फोटोत छान दिसते, ओली झाली की मात्र साध्या कोब्यापेक्षा जास्त घसरते. म्हणून ओल्या थरावर जाडसर वाळू पेरायला सांगा. पायाला थोडी खरखर लागली पाहिजे. पाणी वाहून जाईल असा उतार ठेवा, म्हणजे डबकेही होणार नाही. टायर पिकवायचे गरम यंत्र थेट फरशीवर ठेवू नका. तापल्यावर इपॉक्सी मऊ पडते, खाली लोखंडी पत्रा घाला. जॅकखाली जाड लोखंडी प्लेट हवीच. आणि सांडलेले तेल त्याच क्षणी लाकडाच्या भुश्याने टिपा. कोणतीही फरशी सांडलेल्या तेलाला उत्तर नाही.

ऐपत नसेल तर?

सर्वांना इपॉक्सी परवडणार नाही, आणि तिच्यावाचून अडतही नाही. नीट चोपलेल्या मुरमावर चांगले काँक्रीट, वर फ्लोअर हार्डनर टाकून घोटलेला आणि शेवटी झाडूने खरखरीत केलेला कोबा, हाही वर्षानुवर्षे टिकतो. तेही जमत नसेल तर निदान जिथे जॅक लागतो आणि जिथे ट्यूब तपासतात, तेवढ्या दोन जागा पक्क्या करा. पाण्याची टाकी येण्या-जाण्याच्या वाटेतून हलवा. खिळे आणि तारांसाठी एक डबा ठेवा. त्या जुन्या भुईवर चुंबक फिरवायला एक पैसा पडत नाही.

पहिल्या मिस्त्रींचे मनगट जुळले, पण मूठ पूर्वीसारखी आवळत नाही. टायर उघडायची पहार आता त्यांचा मुलगा धरतो. त्यांच्या दुकानात यंदा खरखरीत कोबा झाला. काम सुरू करण्यापूर्वी ते मला विचारायला आले होते, “डॉक्टरसाहेब, हातमोजे कुठले आणू?” सिमेंटही कातडी खाते, म्हणून रबरी आणा, असे मी सांगितले.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा अशी आपल्याकडे म्हण आहे. ठेच त्या दोघांना लागली आहे. शहाणे व्हायचे काम आता बाकीच्या दुकानदारांचे.