स्वयंचलित चाचणी, सर्व्हर-संबद्ध लायब्ररीची

एखादी आज्ञावली अपेक्षेप्रमाणे कार्य करते की नाही, हे दुसऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने व मानवी हस्तक्षेपाशिवाय वारंवार पडताळून पाहण्याच्या पद्धतीस ‘स्वयंचलित चाचणी’ म्हणतात. अनेक ठिकाणी पुन:पुन्हा उपयोगी पडणाऱ्या आज्ञावलींच्या संग्रहास ‘सॉफ्टवेअर लायब्ररी’ ही संज्ञा आहे. वर्गमूळ काढणाऱ्या लायब्ररीसारख्या काही लायब्ररी स्वयंपूर्ण असतात. काही मात्र सर्व्हरशी, म्हणजे मागणीनुसार सेवा पुरविणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीशी, संपर्क साधून काम करतात. पहिल्या प्रकारात चाचणीचा निकाल केवळ आदानावर अवलंबून असतो. दुसऱ्या प्रकारात सर्व्हरची आवृत्ती, त्यात साठविलेली माहिती, प्रवेशाधिकार व नेटवर्कमधील विलंब यांचाही त्यावर परिणाम होतो. त्यामुळे हे सर्व घटक नियंत्रणाखाली आणणे हा अशा चाचणीतील मुख्य प्रश्न होय. [⟶ संगणक].

इतिहास : १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या पर्ल या संगणकीय भाषेबरोबर तिच्या चाचण्याही दिलेल्या होत्या. प्रत्येक चाचणीचा निकाल एका ठराविक नमुन्याच्या ओळीत छापला जाई व दुसरी आज्ञावली त्या ओळींची मोजदाद करी. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांचा एक सांगाडा तयार केला. त्याच धर्तीवर बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ हा सांगाडा रचला. पुढे बहुतेक भाषांत त्याचे अनुकरण झाले.

चाचणीची रचना : प्रत्येक चाचणीचे पूर्वतयारी, कृती, पडताळणी व आवराआवर असे चार टप्पे असतात. पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीसंचय प्रणालीशी जोडणाऱ्या लायब्ररीचे उदाहरण घेतल्यास पूर्वतयारीत कोष्टक निर्माण करून त्यात ज्ञात नोंदी भरतात. कृतीत लायब्ररीमार्फत त्या नोंदी मागवितात. पडताळणीत मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतात आणि शेवटी कोष्टक काढून टाकतात. अपेक्षा नेमकी मांडणे येथे आवश्यक असते. उदा., क्रम लावण्याची सूचना दिली नसेल, तर सर्व्हर नोंदी कोणत्याही क्रमाने पाठवू शकतो. अशा वेळी विशिष्ट क्रमाची अपेक्षा धरणारी चाचणी, लायब्ररीत दोष नसतानाही फसते.

सर्व्हरची मांडणी : चाचणीसाठी स्वतंत्र व तात्पुरता सर्व्हर उभारणे सर्वांत इष्ट असते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या मूळ संहितेबरोबर मिळणारी ‘मेक चेक’ ही आज्ञा असा सर्व्हर स्वत:च सुरू करते व चाचण्या संपल्यावर बंद करते. ‘मेक इन्स्टॉलचेक’ ही आज्ञा मात्र आधीच चालू असलेल्या सर्व्हरवर चाचण्या घेते. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक (सामान्यत: ५४३२) व परवलीचा शब्द चाचणीच्या संहितेत न लिहिता बाहेरून पुरवितात. त्यामुळे त्याच चाचण्या निरनिराळ्या संगणकांवर घेता येतात. सर्व्हर सुरू होण्यास किती वेळ लागेल, हे निश्चित नसते. म्हणून ठराविक सेकंद थांबण्याऐवजी तो सज्ज आहे का, असे पुन:पुन्हा विचारावे व काही मर्यादेनंतर प्रयत्न सोडून द्यावा.

एका चाचणीचे अवशेष दुसरीत शिरू नयेत यासाठी प्रत्येक चाचणी एका व्यवहारात घेऊन तो व्यवहार शेवटी रद्द करण्याची पद्धत आहे. ही पद्धत जलद असली, तरी परिपूर्ण नाही. कारण अनुक्रमांक देणारा गणक व्यवहार रद्द झाला तरी मागे येत नाही. शिवाय व्यवहार कायम करण्याची क्रिया स्वत:च तपासावयाची असल्यास ही पद्धत निरुपयोगी ठरते. तेव्हा प्रत्येक चाचणीस स्वतंत्र माहितीसंचय द्यावा लागतो. कोष्टके पुसून टाकणाऱ्या चाचण्या चुकून प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर चालल्यास लोकांच्या नोंदी कायमच्या नष्ट होऊ शकतात. म्हणून माहितीसंचयाचे नाव चाचणीसाठी ठरविलेलेच आहे याची खात्री झाल्याविना पुढे न जाण्याची तरतूद संहितेतच असावी.

प्रतिरूप सर्व्हर व त्याच्या मर्यादा : खऱ्या सर्व्हरऐवजी त्याच्यासारखी उत्तरे देणारी लहान आज्ञावली वापरतात, तिला प्रतिरूप सर्व्हर म्हणता येईल. तो जलद असतो. मध्येच संपर्क तुटणे, उत्तरास विलंब होणे, अर्धवट उत्तर येणे इ. प्रसंग त्याच्याद्वारे हुकमी घडविता येतात. तथापि रचणाऱ्याला सर्व्हर जसा वाटतो, तसाच प्रतिरूप वागतो. रचणाऱ्याचा गैरसमज असल्यास तो लायब्ररीत व प्रतिरूपात सारखाच उतरतो आणि चाचणी यशस्वी ठरते.

या धोक्याचे बोधप्रद उदाहरण अवकाश तंत्रविद्येत आढळते. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सु. ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या जडत्वीय संदर्भ प्रणालीतील आज्ञावली एरियान-४ वरून घेतलेली होती. नव्या उड्डाणमार्गात क्षैतिज वेगाशी संबंधित एक ६४ बिटी संख्या १६ बिटी पूर्णांकात मावली नाही व प्रणाली बंद पडली. जमिनीवरील एकत्रित चाचण्यांत या प्रणालीच्या जागी तिचे अनुकरण करणारी आज्ञावली वापरली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्यामुळे मूळ दोष चाचणीसमोर आलाच नाही.

लायब्ररींच्या बाबतीतही असेच घडते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १० व्या आवृत्तीत (२०१७) परवलीचा शब्द पडताळण्याची ‘स्क्रॅम’ ही नवी पद्धत आली व १४ व्या आवृत्तीपासून (२०२१) नवे परवलीचे शब्द मूलत:च तिच्यानुसार साठविले जाऊ लागले. ही पद्धत न जाणणाऱ्या लायब्ररीच्या चाचण्या जुन्या सर्व्हरवर पूर्ण यशस्वी होतात, परंतु नव्या सर्व्हरवर तिला प्रवेशच मिळत नाही. या प्रणालीची मुख्य आवृत्ती साधारणत: दरवर्षी निघते व तिला पाच वर्षे आधार दिला जातो, म्हणून चाचण्या आधार असलेल्या प्रत्येक आवृत्तीवर घेणे आवश्यक ठरते.

चाचण्या चालविणे : संहितेतील प्रत्येक बदलानंतर चाचण्या आपोआप सुरू व्हाव्यात अशी योजना करतात. प्रथम प्रतिरूपावरील जलद चाचण्या व नंतर खऱ्या सर्व्हरवरील चाचण्या घेणे सोयीचे असते. एखादी चाचणी कधी यशस्वी, तर कधी अयशस्वी होत असल्यास ती यशस्वी होईपर्यंत पुन:पुन्हा चालविणे घातक असते. अशा अस्थिरतेचे कारण पुष्कळदा चाचणीच्या मांडणीत असते. परंतु काही वेळा ते लायब्ररीतीलच, क्वचित प्रकट होणाऱ्या दोषात असते. सर्व्हरची कार्यनोंद जपून ठेवल्यास हा भेद करता येतो.

चाचणीने दोषांचे अस्तित्व सिद्ध होते, अभाव सिद्ध होत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी निदर्शनास आणले होते. यशस्वी निकालाचा अर्थ ज्या परिस्थितीत चाचणी घेतली तेवढ्यापुरताच असतो. म्हणून निकालाबरोबर सर्व्हर खरा होता की प्रतिरूप व त्याची आवृत्ती कोणती होती, याचीही नोंद ठेवणे आवश्यक असते.