विकणाऱ्यालाही कान हवेत

चित्रपटाआधी गाणी बाजारात आणायची, रेडिओवर वाजवायची आणि श्रोत्याला चित्रपटगृहापर्यंत ओढायचं, ही हिंदी चित्रपटांची जुनी रीत. १९७५च्या ‘शोले’च्या बाबतीत मात्र उलटं घडलं. राहुलदेव बर्मन यांचं संगीत असूनही ध्वनिमुद्रिकेला सुरुवातीला म्हणावा तसा उठाव नव्हता. बाहेर पडणारे प्रेक्षक गाणी गुणगुणत नव्हते, गब्बरसिंगचे संवाद म्हणत होते. ‘पॉलिडॉर’ कंपनीनं हे हेरलं आणि चक्क संवादांची ध्वनिमुद्रिका काढली. ती धडाक्यात खपली, गणपतीच्या मांडवांतही वाजली. आज गाण्याचा तुकडा आधी मोबाइलवर सोडून आपली आवड घडवू पाहतात. मला वाटतं, माल खपवायचा तर नुसतं तोंड पुरत नाही. विकणाऱ्यालाही कान हवेत.