कुक्कुटपालन व वनीकरण, कोरडवाहू ग्रामीण भागातील

परसातील कोंबड्या आणि बांध, गायरान व डोंगरउतार यांवरील झाडे ही कोरडवाहू शेतकरी व शेतमजूर कुटुंबांची दोन दुय्यम उत्पन्नसाधने होत. दोन्ही बिनखर्ची समजली जात असल्याने त्यांच्या हानीची नोंद सहसा होत नाही. नव्या तंत्राचा लाभ या क्षेत्रांत उत्पादन वाढविण्यापेक्षा मर कमी करण्याने अधिक होतो, हे मुखेड तालुका (जि. नांदेड) व त्यालगतचा लातूर जिल्ह्यातील उदगीर, जळकोट, अहमदपूर हा भाग यांवरून स्पष्ट होते.

हा प्रदेश बालाघाटच्या डोंगररांगांत मोडतो. उंचवट्यांवरील जमीन उथळ व मुरमाड असून मन्याड व लेंडी या येथील प्रमुख नद्या होत. नांदेड जिल्ह्यातील सागाचे दाट वन किनवट-माहूर भागात आहे. मुखेडकडे बाभूळ, बोर, पळस, कडुनिंब व सीताफळ यांची विरळ झाडी आढळते. दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणी, वीटभट्टी व बांधकाम यांसाठी बाहेरगावी जातात आणि उन्हाळ्यात परततात. या स्थलांतराचा कोंबड्या व रोपे या दोहोंच्या संगोपनावर थेट परिणाम होतो.

कुक्कुटपालन : घरटी पाचदहा गावठी कोंबड्या पाळण्याची रीत जुनी आहे. त्यांची देखभाल स्त्रिया करतात आणि आठवडी बाजारात विकलेल्या अंड्यांचा व कोंबड्यांचा पैसाही बहुधा त्यांच्याच हाती राहतो. गावठी कोंबडी वर्षाला सु. ५०–६० अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी वनराजा व ग्रामप्रिया हे पक्षी तयार केले. वनराजापासून वर्षाला शंभरावर अंडी मिळू शकतात, ग्रामप्रिया त्याहून सरस ठरते. मात्र हे पक्षी संकरित असल्याने त्यांचे गुण पुढील पिढीत तसेच उतरत नाहीत. शिवाय ते सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक खेपेस पिल्ले विकत आणावी लागतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. ऊब लागते, पुढे ती दर आठवड्यास सु. ३° ने कमी करतात. वीज अनियमित असेल तेथे ही पिल्ले पहिल्या महिन्यातच दगावतात. म्हणून एका ठिकाणी चार ते सहा आठवडे वाढवून मगच ती घरोघरी देणे श्रेयस्कर असते. सुधारित जातीची उबवणीची अंडी मिळाल्यास ती खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवणे हाही उपाय आहे. यंत्रापेक्षा तो अनेकदा अधिक भरवशाचा ठरतो.

खरी हानी होते ती मानमोडी (रानीखेत) रोगाने. हिमालयातील रानीखेत येथे १९२८ च्या सुमारास आढळल्यावरून भारतात त्याला हे नाव पडले. साथ आली की एका आठवड्यात गावातील बहुतेक खुराडी रिकामी होतात. लस स्वस्त आहे, परंतु ती २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात आणि द्रव मिसळल्यावर ती दोनएक तासांत वापरून संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या घराला म्हणूनच ती परवडत नाही. सर्व गावाचे लसीकरण एकाच सकाळी, कोंबड्या डालग्याबाहेर सोडण्यापूर्वी करणे हा त्यावरील मार्ग होय. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात तयार झालेली आय-२ ही उष्णतासह लस या अडचणीतून निघाली. ती डोळ्यात थेंब टाकून देतात. मोझांबीक, टांझानिया इ. देशांत गावातील स्वयंसेवकांकरवी तिचा प्रसार झाला. मुखेडसारख्या भागात लसीकरण स्थलांतरापूर्वी उरकणे आवश्यक आहे, कारण मागे राहिलेल्या वृद्धांना पुढे ते जमत नाही.

बर्ड फ्ल्यू हा रोग भारतात प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे आढळला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांत त्याचा विषाणू सापडला. मोठ्या शेडला जाळी लावता येते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला कावळ्यापासून दूर ठेवणे जवळजवळ अशक्य असते, आणि नेमके याच पक्ष्यांबाबत धोक्याची सूचना उशिरा पोहोचते. ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टीने व लेंडीच्या पाण्याने मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ इ. गावे वेढली गेली, त्यात मनुष्यहानीही झाली. अशा आपत्तीत मेलेल्या कोंबडीसाठी केंद्राच्या २०२२–२६ च्या निकषांनुसार १०० रु. साहाय्य ठरले होते. परंतु जी कोंबडी कोणी मोजलेलीच नाही, तिचे मरण सिद्ध करणे अवघड जाते.

वनीकरण : महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचा स्वतंत्र विभाग १९८२ मध्ये स्थापन झाला. रोजगार हमी योजनेतूनही (कायदा १९७७) खड्डे, समपातळी चर व रोपलागवडीची कामे झाली. लावलेल्या रोपांची संख्या त्यांत ठळकपणे सांगितली जाते, तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेल्या रोपांची क्वचितच. मुरमाड उतारावर चर आधी व रोप नंतर हा क्रम निर्णायक ठरतो. चरात अडलेले पाणी मुळांशी मुरते. चर नसल्यास ते मातीसह ओढ्यात जाते. रोपाला पाणी लागते ते फेब्रुवारी ते मेमध्ये, म्हणजे गावात माणसे सर्वांत कमी असतात तेव्हा.

कृत्रिम उपग्रहांच्या प्रतिमांवरून भारतीय वन सर्वेक्षण संस्था (स्थापना १९८१) वनाच्छादन मोजते. किमान एक हेक्टर क्षेत्र व १०% छत्र ही त्यासाठीची मर्यादा होय. बांधावरील कडुनिंब वा बाभूळ तीत बसत नाही. अशा झाडांचा अंदाज नमुना पद्धतीने वेगळा काढतात. जळण, शेळ्यांचा पाला व औतांचे लाकूड मात्र बव्हंशी याच झाडांपासून मिळते.

सीताफळ हे बालाघाटचे सर्वांत यशस्वी झाड म्हणता येईल. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत, म्हणून ते राखणीवाचून टिकते. फळ पक्व झाल्यावर दोनतीन दिवसांत नासते. त्यामुळे तोडणाऱ्याला व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. गर काढून त्वरित गोठविल्यास तो काळा पडत नाही व बरेच महिने टिकतो. हा हंगाम स्थलांतराच्या तोंडावर येतो. शीतपेटी व गर काढण्याची सोय तालुक्यातच झाल्यास काही कुटुंबांचे जाणे महिनाभर तरी लांबणीवर पडू शकेल.

वनाबाहेरील जमिनीवर वाढविलेला बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीने ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला व त्याच्या तोडणी-वाहतुकीवरील बंधने दूर झाली. लातूर जिल्ह्यात त्यानंतर बांबूचा बराच पुरस्कार झाला. खोल जमिनीत व ओढ्याकाठी तो चांगला येतो. उघड्या मुरमावर मात्र पहिली दोन वर्षे पाणी दिल्यावाचून तो तग धरीत नाही.