आठ महिन्यांचे नाव, साठ दिवसांचा नियम

परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाशी जेमतेम आठ महिने संलग्न होती. 14 जानेवारी 1994 ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि परभणी त्याच्या कक्षेत गेली. ज्या नावापायी सोळा वर्षांपूर्वी या जिल्ह्यातल्या वस्त्या पेटल्या, ते नाव इथल्या गुणपत्रिकांवर एखाद्या परीक्षेपुरते उमटले असेल, नसेल. औरंगाबाद लांब पडते ही इकडच्या पोरांची अडचण खरीच होती. तरीही नामविस्तार आणि विभाजन एकाच वर्षात व्हावे, हा निव्वळ योगायोग मानायला मन राजी होत नाही.

विद्यापीठात भेदभाव होऊ नये यासाठी आज नियम आहेत, कक्ष आहेत, अधिकारी आहेत, वार्षिक अहवालात त्यांची पाने आहेत. हे सगळे कुठून आले, कोणी आणले, याचा मागोवा घेताना एक गोष्ट सारखी समोर येते: यातले फारच थोडे विद्यापीठाने स्वतःहून केले. बहुतेक सगळे फाटकाबाहेरून आत ढकलावे लागले.

निजामाच्या राजवटीत परभणीच्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादचे उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे. गावकुसाबाहेरच्या मुलाचा तर तिथवर विचारही पोचत नसे. 1950 मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. काचीगुडा–मनमाड मार्गावरच्या परभणी स्टेशनात आता गाडीची दुसरी, औरंगाबादची दिशाही महत्त्वाची झाली. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, 23 ऑगस्ट 1958 ला, स्थापन झाले. म्हणजे ज्यांच्या नावावरून पुढे रान पेटले, त्यांची संस्था विद्यापीठाच्या आधीपासून त्या गावात उभी होती. नामांतराच्या वादात हा साधा क्रम फार कमी जणांनी लक्षात घेतला.

भेदभावाविरुद्धचा कायदाही विद्यापीठाच्या आधीचाच. राज्यघटनेचे 15 आणि 17 हे अनुच्छेद होतेच, शिवाय 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता. शिक्षणसंस्था आणि वसतिगृह यांत अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा त्यात गुन्हा ठरवला होता. नोव्हेंबर 1976 पासून तो अधिक कडक होऊन 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' या नावाने लागू झाला. हे नवे नाव धारण करून त्याला वीस महिने होत होते, तेव्हा 1978 चा जुलै उजाडला.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहा दिवसही झाले नव्हते. विरोधाची सुरुवात शहरांत झाली: मोर्चे, बंद, एसटीवर दगडफेक, टेलिफोनच्या तारा तोडणे. विद्यार्थी पुढे होते. मग काही दिवसांतच हे लोण खेड्यांत उतरले आणि तिथे त्याचा विद्यापीठाशी संबंधच उरला नाही. खेड्यातला ज्याने घर पेटवले आणि ज्याचे घर पेटले, त्या दोघांपैकी बहुतेकांनी औरंगाबादचे ते आवार कधी पाहिले नव्हते. परभणी आणि नांदेड या दोन जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. तेव्हाची परभणी मोठी होती. हिंगोली, वसमत, कळमनुरी तिच्यातच होते, हिंगोली जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची त्या दंगलीत हत्या झाली. वस्त्या सोडून लोक रानात राहिले.

नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ आणि अनंत भालेराव यांच्यासारखी हैदराबाद मुक्तिसंग्रामात तावून सुलाखून निघालेली माणसे होती, हे मराठवाड्याला आजही अवघड जाते. त्यांचा मुद्दा प्रदेशाच्या अस्मितेचा होता आणि तो त्यांनी सभ्य भाषेत मांडला. पण शहरातल्या अग्रलेखातली अस्मिता खेड्यात पोचेपर्यंत तिचे काय होते, याचा अंदाज इतक्या अनुभवी माणसांना यायला हवा होता, असे मला वाटते. गावातला राग नावाचा नव्हताच. शिष्यवृत्तीवर शिकून आलेला, इस्त्रीचे कपडे घालणारा, पाटलाच्या वाड्यासमोरून मान न झुकवता जाणारा पोरगा हे रागाचे खरे कारण होते. नामांतराने त्या रागाला तोंड फोडले.

ठराव झाला आणि अंमलबजावणी थांबली. 11 नोव्हेंबर 1979 ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. त्यानंतर मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग असे करत दीड दशक गेले. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. दोन महिन्यांत निर्णय झाला, तोही नामांतराऐवजी नामविस्ताराचा: आंबेडकरांचे नाव आले, 'मराठवाडा' राहिला. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते.

याला जोडून परभणीतलीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. इथले मराठवाडा कृषी विद्यापीठ 18 मे 1972 ला स्थापन झाले तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. 2013 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, ते 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ' झाले. सूत्र हुबेहूब तेच: आधी व्यक्तीचे नाव, मग मराठवाडा. कुठे काच फुटली नाही. नाईक बंजारा समाजातले, म्हणजे विमुक्त जातींतले, आणि शेतीशी त्यांचे नाते वादातीत. त्यांचे नाव योग्यच होते. पण 1978 मध्ये ज्या अस्मितेला नावातल्या बदलाने धोका वाटला होता, तिला 2013 मध्ये त्याच बदलाने काहीच कसे झाले नाही? मधल्या पस्तीस वर्षांत माणसे सुधारली, हे एक उत्तर. दुसरे उत्तर मला जास्त पटते, आणि ते परभणीतल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

नावाची लढाई सगळ्यांना दिसली. पदांची लढाई फायलींत चालली आणि तिची बातमी क्वचितच झाली. महाराष्ट्राचा आरक्षण कायदा 2001 चा, अंमल 2004 पासून. अनुसूचित जाती 13 टक्के, अनुसूचित जमाती 7, विमुक्त आणि भटक्या जमातींचे चार गट मिळून 11, विशेष मागास प्रवर्ग 2, इतर मागासवर्ग 19, एकूण 52. राज्य विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालये त्यात येतात. पद भरायचे तर आधी बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे याची क्रमवार यादी, तयार करायची आणि ती विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. या कक्षाला सगळे 'मावक' म्हणतात. मावकची सही नसेल तर जाहिरात निघत नाही. ही सही आहे म्हणून आरक्षण कागदावरून जमिनीवर येते. फायली तिथे अडकतात ही संस्थांची तक्रार मी ऐकली आहे. त्या फायली तिथे जाण्याआधी किती वर्षे संस्थेच्या कपाटात होत्या, हे मात्र तक्रार करणारे सांगत नाहीत.

बिंदू मोजताना एकक कोणते धरायचे, यात सगळी गोम आहे. 5 मार्च 2018 ला विद्यापीठ अनुदान आयोगाने, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानुसार, संपूर्ण विद्यापीठाऐवजी प्रत्येक विभाग हे एकक मानायला सांगितले. त्या हिशेबात अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा आणि जमातीचा चौदावा. आता एखाद्या विभागात एका संवर्गाची सात पदे असतात कुठे? दोन-तीन असली तरी नशीब. त्यामुळे नियमाचे अक्षरशः पालन करूनही तो बिंदू कधीच येणार नव्हता. देशभर आंदोलन झाले, 7 मार्च 2019 ला केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा करून पुन्हा संस्था हे एकक ठरवले. तो केंद्रीय संस्थांपुरता होता. महाराष्ट्राने आपला वेगळा कायदा 2021 मध्ये केला. भेदभाव करायला दरवेळी वाईट हेतू लागत नाही, भागाकार चुकीच्या ठिकाणी केला तरी पुरतो.

विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी फाईल आणखी वेगळी. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 मध्ये, सुरू झाली. तिचा अर्ज आज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. जात प्रमाणपत्र, त्याची व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते. यातले एक अडले की हप्ता अडतो. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ती वर्षाला 43 हजारांपासून सुरू झाली. पालम, सोनपेठ, जिंतूरकडून परभणीत आलेल्या मुलांच्या दृष्टीने समान संधी म्हणजे आधी खोलीभाडे वेळेवर देता येणे. व्याख्येबिख्येचे नंतर पाहता येते.

प्रत्यक्ष वागणुकीतल्या भेदभावाकडे यंत्रणेचे लक्ष गेले ते फार उशिरा. सप्टेंबर 2006 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष सुखदेव थोरात. अमरावती जिल्ह्यातले थोरात औरंगाबादच्या मिलिंदमधून शिकून पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले होते. शिकवण्यातला दुजाभाव, तोंडी परीक्षेतले वागणे, वसतिगृहात वेगळे पडणे, हे त्यांच्या 2007 च्या अहवालात पहिल्यांदा सरकारी कागदावर इतके स्वच्छ लिहिले गेले. मिलिंदच्या नागसेनवनातून निघालेल्या माणसाने हे लिहावे, यात मराठवाड्याने अभिमान बाळगावा असे बरेच आहे. 2012 मध्ये आयोगाने समतेसंबंधीचे विनियम आणले: प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी. कक्ष न स्थापणाऱ्या संस्थेला मात्र त्यात काही शिक्षाच ठेवली नव्हती, त्यामुळे काय होणार हे उघड होते.

जानेवारी 2016 मध्ये हैदराबाद विद्यापीठातला विद्यार्थी रोहित वेमुला याने आत्महत्या केली. मे 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीनेही. त्याच वर्षी दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी एवढीच, की 2012 चे नियम अमलात आणा. म्हणजे विद्यापीठांनी आपलाच नियम पाळावा यासाठी लेकरे गमावलेल्या बायांना याचिका करावी लागली. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने आयोगाला विचारले, की किती संस्थांनी कक्ष स्थापन केले त्याची माहिती द्या. नियम होऊन बारा-तेरा वर्षे झाली होती.

त्याच्या महिनाभर आधी परभणी देशाच्या बातम्यांत होती. 10 डिसेंबर 2024 ला स्टेशनसमोरच्या आंबेडकर पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी शहर पेटले, धरपकड झाली. 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते कायद्याचे विद्यार्थी होते. गुन्हा नोंदवा, हा आदेश त्यांच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून जुलै 2025 मध्ये मिळवावा लागला. ही विद्यापीठाच्या आवारातली घटना नव्हे, हे खरे. पण या मागोव्यातून ती वगळणे मला जमले नाही. न्यायालयाची पायरी पुन्हा एका आईनेच चढली होती.

13 जानेवारी 2026 ला आयोगाने नवे विनियम अधिसूचित केले. समता समित्या, तक्रारीची तातडीने दखल, आणि न पाळणाऱ्या संस्थेच्या योजना व पदवी अभ्यासक्रम काढून घेण्याची तरतूद असे त्यांचे स्वरूप होते. जातीय भेदभावाच्या व्याख्येत फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गच धरले, यावरून वाद पेटला आणि 29 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. स्थगिती असेपर्यंत 2012 चेच विनियम चालू राहतील असे सांगितले. त्यांनुसार तक्रारीचा निकाल साठ दिवसांत द्यायचा, आणि तो मान्य नसेल तर अपील संस्थाप्रमुखाकडे, म्हणजे प्राचार्यांकडेच. त्या साठ दिवसांत तक्रार करणाऱ्या मुलीला त्याच विभागात बसून प्रॅक्टिकलच्या वहीवर सही घ्यायची असते, आणि अंतर्गत गुणही त्याच विभागाच्या हातात असतात.