टेस्ट पास झाली, पण डेटा गेला कुठे? पायथन आणि डेटाबेसचं डीबगिंग

तुमचा फोन अँड्रॉइड असो वा आयफोन, त्यात एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच. डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली आणला. पायथनमध्ये २.५ आवृत्तीपासून तो सोबतच मिळतो, त्यामुळे शिकायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

समजा, तुम्ही किराणा दुकानासाठी उधारीचं ॲप बनवताय. ‘ग्राहक’ आणि ‘उधारी’ अशी दोन टेबल्स आहेत. इथे एक नोंद हरवली तर दुकानदाराचे पैसे बुडतात, नाहीतर गिऱ्हाईकाशी भांडण होतं. म्हणून मी अशा ॲपमध्ये तीन गोष्टी हमखास तपासतो.

१. कमिट झालं का?
इन्सर्ट करताना पायथन आपोआप ट्रान्झॅक्शन सुरू करतं. कमिट न करता कनेक्शन बंद झालं की नोंद गायब! गंमत म्हणजे टेस्टमध्ये हे कळत नाही, कारण त्याच कनेक्शनला स्वतःची कच्ची नोंद दिसत असते. म्हणून मी दुसरं कनेक्शन उघडून नोंद वाचतो. त्यासाठी तात्पुरती फाइल वापरा. ‘मेमरी’ डेटाबेस इथे चालत नाही, कारण त्यात प्रत्येक कनेक्शनला वेगळा, कोरा डेटाबेस मिळतो.

२. फॉरिन की चालू आहे का?
ग्राहक डिलीट केला आणि त्याची उधारी तशीच राहिली, तर ती रक्कम कोणाकडून मागणार? फॉरिन की हेच अडवते. पण एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी सहसा बंद असते. ‘प्राग्मा’ कमांडने ती प्रत्येक नव्या कनेक्शनवर चालू करावी लागते. मग टेस्टमध्ये उधारी बाकी असलेला ग्राहक मुद्दाम डिलीट करा. एरर आला पाहिजे. नाही आला, तर टेस्ट नापास!

३. खरा डेटाबेस कोणता?
मोबाइल नंबरचा कॉलम १० अक्षरांचा ठेवला आणि कोणी +९१ लावून नंबर टाकला, तर एसक्यूलाइट तो गुपचूप घेतं. पोस्टग्रेस मात्र एरर देतं. त्यामुळे सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल, तर निदान शेवटच्या टेस्ट पोस्टग्रेसवरच चालवा.

आणि तरीही गडबड सापडली नाही तर?
अंदाज बांधत बसू नका. कनेक्शनच्या ‘सेट ट्रेस कॉलबॅक’ या फंक्शनला ‘प्रिंट’ द्या. डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक क्वेरी स्क्रीनवर दिसेल. आपण काय लिहिलं आणि खरंच काय चाललं, यातला फरक तिथेच कळतो.

बग सापडला की मी आधी तो पकडणारी टेस्ट लिहितो, ती नापास होताना पाहतो, आणि मगच कोड दुरुस्त करतो. तुम्हीही हीच सवय लावा. तोच बग पुन्हा आला, तर दुकानदाराच्या आधी तुम्हाला कळेल.