तिकीट कोण देतं? मंचर ते मिशिगन

मंचरकरांनो, डिसेंबर 2025 मध्ये आपल्या नगरपंचायतीला मतदान करताना दोन बटणं दाबली, आठवतंय? एक प्रभागाच्या नगरसेवकासाठी, दुसरं थेट नगराध्यक्षासाठी. अमेरिकेचं राजकारण समजायला ते दुसरं बटण फार उपयोगी आहे. तिथेही कारभाराचा प्रमुख आणि सभागृह वेगवेगळे निवडतात. (राष्ट्राध्यक्षासाठी मात्र राज्यवार मतांवरून 538 निर्वाचक ठरतात, आणि 270 गाठणारा जिंकतो.)

विधानसभेला आपलं तसं नाही. आपले आमदार दिलीप वळसे पाटील 2021-22 मध्ये आमदार असतानाच राज्याचे गृहमंत्री होते. अमेरिकेत हे चालतच नाही. मंत्री व्हायचं तर काँग्रेसमधली जागा सोडायची. तिथे काँग्रेस म्हणजे संसद बरं का, पक्ष नव्हे! मुख्य पक्ष दोनच, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन.

मला सगळ्यात भावते ती तिकिटाची रीत. आपल्याकडे एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, वरून येतो. तिथे आधी 'प्रायमरी' होते आणि पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात. आपले मराठी श्री ठाणेदार बघा. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या प्रमुखपदासाठी, म्हणजे गव्हर्नरपदासाठी, उभे राहिले आणि प्रायमरीतच हरले. 2022 मध्ये त्याच राज्यातल्या डेट्रॉइटच्या मतदारसंघात प्रायमरी जिंकली, मग मुख्य निवडणूकही, आणि काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात पोहोचले. तिथली मुदत अवघी 2 वर्षं. त्यामुळे 2024 मध्ये पुन्हा आधी प्रायमरी, मग लढत. दोन्ही जिंकले.