सावळ्या रंगावर काय शोभतं? : पुरुषांच्या कपड्यांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशीतला मॉल असो की कोपरखैरण्यातलं सेक्टरच्या कोपऱ्यावरचं दुकान, शर्टांच्या काउंटरवर एक सल्ला हमखास मिळतो : "सर, तुम्ही लाइटमध्येच बघा. डार्क तुमच्यावर उठणार नाही." गिऱ्हाईक सावळं असलं की हातातला मरून शर्ट निमूटपणे घडीत परत जातो आणि पिशवीत आकाशी नाहीतर बिस्किट रंगाचा पडतो. घरी बायको, बहीण, मित्र यांचंही मत साधारण तेच. त्यामुळे अनेक पुरुष कॉलेजपासून निवृत्तीपर्यंत चार-पाच फिक्या रंगांतच वावरतात. हे सल्ले एकेक करून तपासले तर काही अर्धे खरे निघतात आणि बरेचसे साफ खोटे.

गैरसमज १ : रंग शोभला म्हणजे माणूस उजळ दिसायला हवा.

वस्तुस्थिती : सगळ्या चुकांची सुरुवात इथे आहे. भारतात 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाची क्रीम १९७५ मध्ये आली. पुरुषांसाठी खास 'फेअर अँड हँडसम' २००५ मध्ये आली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले आणि २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' गेला. जाहिराती सावध झाल्या, पण दुकानातला सल्ला तोच राहिला.

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनचं प्रमाण, प्रकार आणि त्वचेतली मांडणी यांत. कुठलाही शर्ट यात काडीचाही बदल करू शकत नाही. शर्ट बदलतो ते पाहणाऱ्याच्या डोळ्याला काय जाणवतं ते.

म्हणून कसोटी वेगळी हवी. शर्ट घातल्यावर नजर आधी चेहऱ्याकडे जाते का? त्वचा ताजी, एकसारखी दिसते की थकलेली, डागाळलेली? डोळ्यांखालचा काळेपणा वाढल्यासारखा वाटतो का? चेहरा नीट दिसला की रंग शोभला. तो गोरा दिसला की नाही, हा प्रश्नच गैरलागू आहे.

गैरसमज २ : सावळ्या माणसाने गडद आणि भडक रंग टाळावेत, फिके घालावेत.

वस्तुस्थिती : 'गडद', 'भडक' आणि 'फिका' हे शब्द आपण एकमेकांत मिसळून टाकतो. अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगाचे तीन गुण वेगळे करून दाखवले : तो कुठला रंग आहे (लाल, हिरवा, निळा), तो किती उजळ किंवा काळपट आहे आणि तो किती तेज किंवा मळकट आहे. शर्ट निवडताना लोक पहिल्याच गुणावर वाद घालतात. 'हिरवा मला चालत नाही' म्हणणाऱ्याला बॉटल ग्रीन चांगला दिसतो आणि पिस्ता खरोखरच दिसत नाही, असं सहज घडतं. रंग दोन्ही हिरवेच, पण उजळपणा आणि तेज वेगळं.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेची सर्वांत मोठी अडचण भडक रंगाशी नाही, तर त्वचेच्याच आसपासच्या मळकट रंगांशी होते. बिस्किट, फिकट खाकी, मातकट तपकिरी हे रंग गव्हाळ चेहऱ्याच्या इतके जवळ असतात की शर्ट कुठे संपला आणि मान कुठे सुरू झाली ते पटकन कळत नाही. चेहरा त्यात विरघळतो. गंमत म्हणजे 'सोबर' म्हणून दुकानदार हेच रंग सावळ्या गिऱ्हाइकापुढे टाकतो. उलट डाळिंबी, मोरपंखी, जांभळा, विटकरी, हळदी, गर्द निळा हे तेज रंग सावळ्या चेहऱ्यापासून स्पष्ट वेगळे राहतात आणि तरी त्याच्यावर मात करत नाहीत. तोच तेज रंग फार गोऱ्या माणसावर कधीकधी चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. सावळ्या विठोबाला पितांबर नेसवला तो पिवळाधमक, बिस्किट रंगाचा नाही. उन्हात रापलेल्या वारकऱ्याचा चेहरा पांढऱ्याशुभ्र सदऱ्या-टोपीत ठसठशीत दिसतो, तोही याच फरकामुळे. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी गावठाणांत हळदीच्या रात्री पिवळे सदरे घालून नाचणारी माणसं पाहिली की 'सावळ्यावर पिवळा नको' हा सल्ला तिथल्या तिथे निकालात निघतो.

गैरसमज ३ : काळा रंग फक्त गोऱ्यांनी घालावा.

वस्तुस्थिती : काळ्याचं आपल्याकडे दुहेरी दुखणं आहे. एरवी शुभकार्यात तो वर्ज्य आणि संक्रांतीला मात्र आवर्जून घालायचा. त्या दिवशी काळी साडी नेसलेल्या लेकीबरोबर हलव्याचे दागिने घातलेला, काळ्या कुर्त्यातला सावळा जावई चांगलाच दिसतो आणि कुणी त्याला नावं ठेवत नाही.

काळा शर्ट आणि सावळा चेहरा यांच्यात फरक कमी असतो, हे खरं. पण चेहरा काळ्यात विरत नाही, कारण सावळी त्वचा काळी नसते. ती तपकिरी असते आणि काळ्याशेजारी तिच्यातली लालसर-पिवळी झाक जास्त जाणवते. बिघडतं ते शर्ट जुना झाल्यावर. दहा-वीस धुण्यांनंतर काळं सुती कापड करडं, विटकं पडतं आणि तो विटकेपणा चेहऱ्यावर येतो. काळा घ्यायचा तर रंग पक्का असलेला, नीट बसणारा घ्या आणि विटला की तो घरात घालायला काढा. ज्यांना काळा फार जड वाटतो, त्यांना नेव्ही ब्लू किंवा आमसुली रंग जवळपास तेच काम करून देतो.

गैरसमज ४ : मनगटावरच्या शिरा बघा. निळ्या असतील तर थंड रंग घाला, हिरव्या असतील तर उबदार.

वस्तुस्थिती : ही चाचणी सगळीकडे सांगितली जाते आणि आपल्याकडे ती विशेष फसते. शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. शीर निळसर दिसते ती त्वचेत प्रकाश कसा विखुरतो आणि शोषला जातो त्यामुळे. शिवाय आजूबाजूच्या त्वचेच्या तुलनेत तिथून लाल प्रकाश कमी परततो आणि मेंदू त्याचा अर्थ निळा असा लावतो. वरून मेलॅनिनचा तपकिरी थर आला की तीच शीर हिरवट दिसते किंवा दिसतच नाही. म्हणजे शिरेचा रंग हा तुमच्या त्वचेच्या जाडीचा, गडदपणाचा आणि त्या वेळच्या उजेडाचा हिशेब आहे.

कपड्यांच्या रंगांसाठी माणसांना चार ऋतूंत वाटणारी पद्धतही बाहेरूनच आली. १९८० च्या 'कलर मी ब्यूटिफुल' या अमेरिकन पुस्तकाने ती घराघरांत पोचवली. गोऱ्या लोकांतल्या केसांच्या आणि डोळ्यांच्या विविधतेवर बेतलेल्या त्या वर्गवारीत काळे केस आणि काळे डोळे असलेली जवळजवळ सगळी माणसं 'हिवाळा' या एकाच खणात जातात. घणसोलीतला आगरी, वाशीतला पंजाबी, नेरूळमधला मल्याळी आणि बेलापूरचा कोकणस्थ एकाच खणात कोंबणारी यादी आपल्या काय कामाची?

त्वचेच्या शास्त्रीय मोजपट्ट्याही कपड्यांसाठी बनलेल्या नाहीत. थॉमस फिट्झपॅट्रिक यांची १९७५ ची वर्गवारी त्वचा उन्हात किती भाजते आणि किती रापते यावर आधारलेली आहे. तिच्यात तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. त्वचेच्या दहा छटांची मंक मोजपट्टी गूगलने २०२२ मध्ये आणली. तिचा हेतू संगणकाला सगळ्या रंगांचे चेहरे नीट ओळखता यावेत, हा.

त्यापेक्षा सोपी घरगुती चाचणी अशी : दिवसाउजेडी खिडकीजवळ उभं राहून चेहऱ्याखाली आधी पांढराशुभ्र आणि मग मोतिया रंगाचा कपडा धरा. ज्याच्यासोबत त्वचा एकसारखी दिसते, त्या बाजूचे रंग (पांढऱ्याच्या बाजूचे थंड, मोतियाच्या बाजूचे उबदार) तुमच्यावर सहज बसतील. दोन्ही सारखेच वाटले तर यावर जास्त वेळ घालवू नका. बरीच माणसं मधलीच असतात.

गैरसमज ५ : दुकानाच्या आरशात शोभला म्हणजे शोभला.

वस्तुस्थिती : दुकानातला उजेड माल खपवण्यासाठी लावलेला असतो. सुमारे ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली त्वचा आणि विटकरी रंग दोन्ही छान दिसतात, निळा मात्र मंद होतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली निळा तजेलदार आणि सावळी त्वचा करडी दिसते. शिवाय एका दिव्याखाली अगदी सारखी दिसणारी दोन कापडं दुसऱ्या उजेडात वेगळी दिसू शकतात. काळी म्हणून घेतलेली पँट बाहेर आल्यावर गर्द निळी निघाल्याचा अनुभव बहुतेकांना असेल.

शेजारचा रंगही डोळ्याला फसवतो. फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल हे पॅरिसमधल्या गोबलँ या चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळी लोकर फिकी पडते, अशी तिथे तक्रार होती. शेव्रल यांनी तपासलं तेव्हा रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ च्या ग्रंथात मांडला आणि त्यात चेहऱ्याचा वर्ण आणि कपडे यांचाही विचार केला.

त्याच वेळी उलट परिणामही होत असतो. उन्हात उभं राहिलं की शर्टावरून परतलेला प्रकाश हनुवटीवर आणि गालाखाली पडतो. पोपटी टी-शर्ट तिथे पोपटी झाक टाकतो, पांढरा उजेड टाकतो. हे दोन्ही परिणाम एकत्र घडत असल्यामुळे कुठलाही छापील तक्ता तुमचं उत्तर आधीच सांगू शकत नाही. शर्ट अंगावर धरून मॉलच्या काचेजवळ किंवा दुकानाच्या दारात या. काउंटरवरचा माणूस नाही म्हणणार नाही.

गैरसमज ६ : गुलाबी, जांभळा हे बायकांचे रंग.

वस्तुस्थिती : मग लग्नातले गुलाबी फेटे कोण बांधतं? वरपक्षाची पन्नास माणसं, त्यांतली बहुतेक सावळी, गुलाबी किंवा भगव्या फेट्यात मांडवभर फिरतात आणि सगळीच रुबाबदार दिसतात. तोच रंग डोक्यावरून शर्टात उतरला की बायकी कसा होतो? गेल्या वीसेक वर्षांत नवरात्रातल्या नऊ रंगांची प्रथा ऑफिसांत रुजली आहे. त्या नऊ दिवसांत पुरुषही गुलाबी, मोरपंखी, जांभळा घालून येतात. आपल्यावर काय खुलतं हे जाणून घ्यायला याहून स्वस्त प्रयोग नाही. त्या दिवसांचे ग्रुप फोटो नंतर शांतपणे पाहा.

गैरसमज ७ : फोटो आणि व्हिडिओ मीटिंगला पांढरा शर्टच सर्वांत चांगला.

वस्तुस्थिती : मोबाइल आणि लॅपटॉपचा कॅमेरा चौकटीतला एकूण उजेड मोजून चित्र किती उजळ ठेवायचं ते ठरवतो. निम्म्या चौकटीत पांढराशुभ्र शर्ट असेल तर कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा आहे त्याहून काळवंडतो. ऐरोलीच्या आयटी पार्कमधून रोज मीटिंगला बसणाऱ्या सावळ्या माणसाने मध्यम गडद रंग घालावा : निळा, मोरपंखी, वाइन. पाठ खिडकीकडे न करता तोंड खिडकीकडे करून बसावं. ही दुसरी गोष्ट शर्टाच्या रंगापेक्षाही जास्त काम करते.

गैरसमज ८ : उन्हाळ्यात गडद कपडा घातला की जास्त उकडतंच.

वस्तुस्थिती : गडद कापड ऊन जास्त शोषतं, हे बरोबर. पण ती उष्णता अंगापर्यंत किती पोचते हे कापडाचा प्रकार आणि सैलपणा यांवरही ठरतं. वाळवंटातल्या बेदुइनांच्या काळ्या झग्यांवरचा अभ्यास १९८० मध्ये 'नेचर'मध्ये आला. सैल काळ्या आणि सैल पांढऱ्या झग्यात त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली. नवी मुंबईत खाडीची दमट हवा असल्याने खरा प्रश्न घामाचा आहे. सैल सुती कपडा घाला, रंग कुठलाही चालेल. घामाचे डाग सर्वांत जास्त उठतात ते राखाडी टी-शर्टावर आणि कमी दिसतात पांढऱ्यावर आणि नेव्ही ब्लूवर.

पुढच्या खरेदीला एवढंच करा. एक शर्ट नेहमीचा घ्या आणि एक असा, जो आजवर 'तुला नाही शोभत' म्हणून नाकारला गेला. दोन्ही दिवसाच्या उजेडात अंगावर धरा आणि चेहऱ्याकडे बघा. भडक रंगाची भीती वाटत असेल तर आधी टी-शर्ट किंवा कुर्ता घ्या, ऑफिसचा शर्ट नंतर. दुकानदारांना आणि घरच्यांनाही एक विनंती : 'तुमच्या रंगाला हे चालणार नाही' हे वाक्य सोडा आणि 'उजेडात या, बघू' म्हणा. सावळ्या माणसाला वर्ज्य असा एकही रंग नाही. छटा चुकते, उजेड चुकतो, कापड विटतं. त्वचा चुकीची नसते.